वडिलांची येझदी (१९७४) घरीच उभी करायची आहे. आधी इंजिन की आधी रंग?

वाफसा (पलूस)

नमस्कार मंडळी. गाडी म्हणजे येझदी २५० मोटरसायकल, १९७४ सालची, पहिल्यापासून वडिलांच्याच नावावर. वडील साखर कारखान्यात शेतकी ओव्हरसियर होते. लागणीच्या नोंदी, तोडीच्या चिठ्ठ्या, शेतकऱ्यांची भांडणं, सगळं या गाडीवरून. निवृत्तीनंतर ती गोठ्याच्या पडवीत गेली आणि तिच्यावर कडबा रचला गेला.

आजची अवस्था सांगते. किक खाली जातच नाही. टाकीत गंज आहे आणि तळाशी राळेसारखं काहीतरी बसलंय. वायरिंग उंदरांनी फस्त केलंय. सीट फाटलीय. पण दोन्ही सायलेन्सर, मागच्या चेनचं बंद कव्हर, कार्बोरेटर, हेडलाइटच्या डोममधलं स्पीडोमीटर हे सगळं मूळचं आणि जागेवर आहे. खिळ्यासारखी ती चावीसुद्धा वडिलांनी देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली होती.

आमच्याकडचा एक पेंटर म्हणतो, गाडी पूर्ण सुटी करून द्या, महिन्यात पावडर कोटिंग आणि क्रोम करून नवी कोरी देतो, इंजिनाचं नंतर बघू. वडील (वय ७८) म्हणतात, "आधी आवाज ऐकव, मग रंगाचं बोल." त्यांचा हात आता थरथरतो, पाना धरवत नाही. पण खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि एका वेळी तीन सूचना देतात.

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, म्हणजे टू-स्ट्रोक फळ्यावर पुष्कळ वेळा चालवलंय. प्रत्यक्षात उघडलेलं नाही. वडिलांच्या पान्यांची पेटी आहे, जागा आहे, सुट्ट्या आहेत. सुरुवात कुठून करू?

---

लेथवाला_कोल्हापूर

ताई, वडिलांचं ऐका. पेंटरला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कारण साधं आहे. रंग केलेल्या गाडीचं इंजिन तीन-चार वेळा चढवावं-उतरवावं लागतं, आणि दर वेळी चेसिसचा रंग उडतो. दुसरं म्हणजे सुटी केलेली गाडी गोण्यांत भरून पेंटरकडे गेली की तिचे स्पेसर, वॉशर, खास मापाचे बोल्ट परत येत नाहीत. मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला. तिथं १९६१ पासून जावा आणि मग १९७३ पासून येझदी नावानं जे बनलं, त्यातलं जे शिल्लक आहे तेवढंच अस्सल. २०१८ ला जी नवी जावा आली ती फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. तिचा एक नटसुद्धा तुमच्या कामाचा नाही. म्हणून पहिला नियम: गंजलेला, वाकलेला, फुटलेला कसलाही पार्ट भंगारात टाकायचा नाही. बाजारात मिळणारा नवा पार्ट बसत नाही तेव्हा माप घ्यायला तोच लागतो.

आता जाम पिस्टन, किक अडते ती त्यामुळंच. किकवर उभं राहून उड्या मारू नका, आणि घरातल्या कुणा पैलवानालाही मारू देऊ नका. आत किकचे दाते आहेत, ते जातील आणि पिस्टन तिथंच राहील. प्लग काढा. भोकातून डिझेल आणि थोडं गिअर ऑइल असं मिश्रण ओता, प्लगच्या जागी चिंधी कोंबा आणि आठवडाभर विसरून जा. मधूनमधून भर घाला. मग गाडी स्टँडवर घेऊन चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक दोन्ही हातांनी पुढं-मागं हलवा. झटका नको, नुसता डोलवल्यासारखा जोर. केसाएवढं हललं तरी जिंकलात. नाहीच हललं तर हेड आणि ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) काढून वरून सागवानी ठोकळा ठेवून हळूहळू. लोखंडी हातोडा पिस्टनच्या माथ्याला लावायचा नाही.

ब्लॉक निघाला की रिंगा बघा. टू-स्ट्रोकमध्ये रिंगेच्या खाचेत बारीक पिन असते आणि रिंगेचं तोंड त्या पिनवरच यावं लागतं, नाहीतर ते पोर्टमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या खिडकीत, अडकून मोडतं. परत बसवताना घाई करणारे इथंच मार खातात. पिस्टनवर बाण असेल तर तो कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो घ्या.

तेव्हाच कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली उचलून बघा. आडवं थोडं हललं तर ठीक, ते असतंच. वर-खाली 'टक' असं जाणवलं तर मोठ्या टोकाचं बेअरिंग गेलं. मग क्रँक (पिस्टनचा रॉड ज्याला फिरवतो तो दंड) बाहेर काढून प्रेसवर पिन बदलणं आणि डायल (बारीक फरक दाखवणारं मापाचं घड्याळ) लावून क्रँक सरळ करणं आलं. हे काम घरी होत नाही. पण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे हातखंडा असलेली माणसं अजून आहेत.

बोअर करायचा झाला, म्हणजे ब्लॉकचं भोक मोठं कापायचं झालं, तर एक गोष्ट कागदावर लिहून भिंतीला लावा: आधी पिस्टन हातात, मग बोअर. पिस्टनचं माप घेऊन त्यावर ब्लॉक कापतात. लोक उलटं करतात, ब्लॉक कापून बसतात आणि त्या मापाचा पिस्टन गावोगाव शोधतात. मूळ बोअर (भोकाचा व्यास) ६५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. तुमचा ब्लॉक आधी किती वेळा कापलाय ते पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या आकड्यावरून कळेल. नुसते ओरखडे असतील तर होनिंगवर, म्हणजे आतून हलकं घासून, भागतं. ब्लॉकमध्ये जितकं लोखंड शिल्लक तितकं गाडीचं आयुष्य शिल्लक, उगाच कापू नका.

टाकीचं: बाथरूमचं ॲसिड घालू नका, पत्रा खातं. सायट्रिक ॲसिड किराणा दुकानात मिळतं. गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, दिवस-रात्र ठेवा, ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा आणि लगेच, म्हणजे लगेच, वाळवून आतून ऑइल फिरवा. अर्ध्या तासात परत तांबूस होते. त्याआधी तळातली राळ काढायला थिनर आणि मूठभर छोटे नट टाकून हलवा. नट मोजून टाका, मोजून काढा.

---

चकचकीत (नाशिक)

लेथवाला, सगळं पटलं तरी एक म्हणणं आहे. इंजिन चालू झालं की लोक फिरायला लागतात आणि रंगाचं काम कायमचं राहून जातं. माझ्या ओळखीत अशा 'नंतर रंगवू' गाड्या ढिगानं आहेत. चेसिस आतून कुजत असेल तर तो उघडून बघितलाच पाहिजे.

---

लेथवाला_कोल्हापूर

चेसिस बघायला नको असं कुठं म्हणालो? स्टँडचे कान, बॅटरीच्या खोक्याखालचा भाग (तिथं ॲसिड सांडलेलं असतं) आणि मडगार्डची आतली बाजू टोकदार वस्तूनं टोचून बघा. तिथं गेलं असेल तर वेल्डिंग आधी. रंग मात्र शेवटी. आधी गाडी कच्ची जुळवा, चालवा, सगळं बसतंय का बघा, मग सोडवून रंगवा. आणि त्या टाकीवर जुनी सोनेरी रेघ हातानं मारलेली असेल तर ती पुसण्याआधी दहा वेळा विचार करा. स्टिकर लावलेली रेघ लांबून कळते.

---

जुना_बाजार (पुणे)

गाडीपेक्षा कागदांवर लिहितो, कारण लोक तिथं अडकतात.

पावडर कोटिंग किंवा ब्लास्टिंग करण्यापूर्वी चेसिस नंबरवर टेप मारा. आरटीओत त्या नंबरचा पेन्सिलनं छाप घेतात. जाड थराखाली आकडे बुजले किंवा ग्राइंडरनं घासले गेले तर अस्सल गाडीसुद्धा संशयित ठरते. इंजिन नंबरचंही तसंच. केसिंग फुटलं म्हणून दुसऱ्या गाडीचं बसवलं तर त्याची नोंद करावी लागते.

नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमचं बहुतेक मधेच कुठंतरी थांबलं असणार. तीन अक्षरी जुना नंबर म्हणजे १९८९ च्या आधीचा. तो ऑनलाइन दिसतो का बघा. नसेल तर आरटीओत जुन्या रजिस्टरवरून 'बॅकलॉग' नोंद करून घ्यावी लागते, त्याशिवाय पुढचं काहीच सरकत नाही. मग पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि गाडी तपासणीला हजर. हे वडील सही करू शकतात तोवर करून टाका. वारसाच्या नावावर करण्याचे कागद वेगळे आणि जास्त.

कुणीतरी तुम्हाला 'व्हिंटेज नोंदणी करा' असं सांगेल. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. तुमची गाडी वयानं बसते. पण ती नोंदणी घेतली की प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. वडिलांना मागं बसवून मळ्याकडं चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणीच जिवंत करा.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, आणि रविवार-बुधवारचा जुना बाजार. जुन्या बाजारात भाव विचारताना गाडीचं नाव सांगू नका, नुसता पार्ट दाखवा.

---

सहा_व्होल्ट

वायरिंग उंदरांनी खाल्लंय हे बरंच झालं, नाहीतर जुनं वाचवायचा मोह होतो. नवा हार्नेस (वायरींचा जुडगा) घरी बनवा, सर्किट शाळेतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. फक्त सहा व्होल्टचं गणित ध्यानात ठेवा: ३५ वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर तीनेक अँपिअर पुरतात, सहावर जवळपास सहा. म्हणून वायर जाड हवी आणि प्रत्येक अर्थिंगखालचा रंग खरवडून पत्रा उघडा हवा. 'येझदीचा दिवा मिणमिणतो' या तक्रारीत निम्मा दोष गंजलेल्या अर्थिंगचा असतो. उजव्या कव्हरखाली डायनॅमो आहे, त्याचे कार्बन ब्रश बघा. पॉइंटचा (प्लगची ठिणगी ज्यावर ठरते त्या उघडमीट करणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.४ मिलिमीटर. डायनॅमोचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) काढायचं झालं तर पुलर बोल्टनं, पेचकसानं उचकटू नका.

---

वाफसा

सगळ्यांचे आभार. पेंटरला खरंच चहा पाजला.

पिस्टन सुटला! डिझेलमध्ये मुरल्यावर मागचं चाक आधी चिमूटभर हललं, मग अर्धा वेढा. ब्लॉक काढला. रिंगा एका बाजूनं चिकटलेल्या होत्या, ब्लॉकवर हलके ओरखडे आहेत, खोल नाहीत. पिस्टनच्या माथ्यावर काहीच आकडा नाही, म्हणजे बहुतेक मूळ माप. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "कापायला काय झालंय, मी ऑइल कधी कमी घातलं नाही." कनेक्टिंग रॉडला टक जाणवत नाही असं मला वाटतं. वडिलांनी थरथरत्या हातानं धरून बघितलं, तेही तेच म्हणाले.

रिंगा बदलल्या, पॉइंट साफ केले, बॅटरी उसनी आणली, सलाईनच्या बाटलीतून पेट्रोल सोडलं आणि गाडी चालू झाली. आवाज ऐकून शेजारच्या दोन गल्ल्यांतली म्हातारी मंडळी येऊन उभी राहिली. त्यातल्या एकानं वडिलांना, "साहेब, माझी तोड कधी?" असं विचारलं.

आता अडचण. पांढरा धूर थांबत नाही. सुरुवातीला म्हटलं सायलेन्सरमधलं जुनं तेल जळतंय, पण गाडी तापल्यावरही तेच. शिवाय ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, रेंगाळते. मिश्रण पेट्रोलच्या लिटरला ४० मिली तेल असं वडिलांच्या हिशेबानं घातलंय. तेल जास्त होतंय का?

---

लेथवाला_कोल्हापूर

अभिनंदन! तेल जास्त नाही. १:२५ हाच त्या काळचा हिशेब, आणि नव्या रिंगा बसेपर्यंत तोच ठेवा.

तुमचे क्रँकचे ऑइल सील गेलेत, बहुधा दोन्ही. फिजिक्सच्या बाई आहात म्हणून असं सांगतो: टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला की खालच्या केसमध्ये पोकळी होते आणि ती कुठूनही ओढते. डाव्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लच तेलात बुडालेले. तिथला सील कडक झाला की इंजिन गिअरचं तेल पितं आणि पांढरा धूर सोडतं. गिअर ऑइलची पातळी आज खूण करून ठेवा, थोडी चालवून परत बघा. उतरली असेल तर शंका संपली. उजवी बाजू डायनॅमोची, कोरडी. तिथला सील गेला की नुसती हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि रेस रेंगाळते. धुरानं काही बिघडत नाही, ही हवा मात्र पिस्टन जाळते. म्हणून आता चालू करून पाहुण्यांना दाखवणं बंद.

कार्बोरेटरच्या जोडाचं पॅकिंग आधी बघून घ्या, तिथूनही हवा येते आणि ते काम पाच मिनिटांचं आहे. ते ठीक असेल तर मोटर, म्हणजे इंजिन, खाली घ्या. गिअरबॉक्स त्याच केसिंगमध्ये आहे, त्यामुळं उघडताना प्रत्येक शाफ्टवरचे शिम (पातळ चकत्या) ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं सुतळीत ओवा. एवढं उघडलंच आहे तर मेन बेअरिंगही बदला आणि क्रँक उद्यमनगरात डायलवर बघून घ्या.

आणि पेट्रोलचं एक. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं मिळतं, तुमच्याच भागातल्या उसाचं, वडिलांना गंमत वाटेल. ते हवेतलं पाणी धरतं, जुनी रबरी नळी फुगवतं आणि कॉकमधला बूच खराब करतं. नळी नवी घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा.

---

वाफसा

पातळी उतरलीय. कार्बोरेटरचं पॅकिंग ठीक आहे. म्हणजे मोटर खाली घ्यायची. वडील विचारतायत, क्रँक घेऊन उद्यमनगरात यायचं तर ते बरोबर आले तर चालेल का? तिथल्या माणसानं नीट डायल लावला की नाही ते त्यांना स्वतः बघायचंय.

---

लेथवाला_कोल्हापूर

चालेल की. खुर्ची मी देतो. ब्लॉक आणि पिस्टनही आणा, ओरखडे मापून ठरवू. आणि त्यांना सांगा, लेथवाल्याला एका वेळी एकच सूचना.