लॉनवर तणनाशक मारायला पाठीवरचा पेट्रोल पंप: ऑइल किती, डोस किती?

हिरवळ_१२गुंठे:
नाशिकजवळ फार्महाऊसचं १२ गुंठे लॉन आहे. लव्हाळा माजलाय, कडेने रुंद पानांचं तणही आहे. दुकानातून लव्हाळ्याच्या तणनाशकाची ३६ ग्रॅमची पुडी (एकराची) आणि रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी या तणनाशकाची बाटली आणली. पंप पाठीवरचा, टू-स्ट्रोक, २० लिटर टाकी, वर्षभर बंद पडून. उत्तरेला कुंपणापलीकडे द्राक्षबाग. पुडी तीन टाक्यांत वाटून टाकली तर चालेल? पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला २० मिली की ४०? आणि तोंडाला रुमाल बांधला की पुरे ना?

वेलीचा_मंडप:
टू-फोर-डीची बाटली आधी परत करा. द्राक्ष, कापूस, टोमॅटो या औषधाला फार हळवे. एस्टर प्रकाराची तर नुसती वाफसुद्धा शेजारी जाते. अमाइन सॉल्टची वाफ कमी, पण बारीक तुषार वाऱ्याने गेले की तेच. पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा जवळ येतात, आणि एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची गोडी छाटणी होऊन कोवळी फूट निघाली असेल तर शेजाऱ्याचा हंगामच जातो. कडेचं रुंद पानांचं तण खुरप्याने काढा, १२ गुंठ्यांत ते दोन माणसांचं काम आहे.

गुंठ्याचा_हिशोब:
पुडी एकराची, म्हणजे ४० गुंठ्यांची. ती १२ गुंठ्यांत संपवलीत तर डोस तिपटीहून जास्त होतो आणि लव्हाळ्याबरोबर लॉनही पिवळं पडतं. गुंठ्याला ०.९ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला एकूण १०.८ ग्रॅम लागेल. त्याआधी लेबलवर तुमच्या लॉनच्या गवताची जात आहे का ते वाचा. नसेल तर पुडी न फोडता ठेवा.

पाणी अंदाजाने धरू नका. ३३ फूट गुणिले ३३ फूट दोरी लावा, हा झाला एक गुंठा. टाकीत साधं पाणी खुणेपर्यंत भरा, नेहमीच्या चालीने तेवढाच तुकडा फवारा आणि परत खुणेपर्यंत भरायला किती लिटर लागलं ते मापाने मोजा. ५ लिटर लागलं तर २० लिटरची टाकी ४ गुंठ्यांना जाते, म्हणजे टाकीला ३.६ ग्रॅम. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. चमच्याने मापायचं हे औषध नव्हे.

नोझल फ्लॅट फॅनच (पंख्यासारखा चपटा फवारा देणारं) लावा. पंपाबरोबर येणारी गन तणनाशकाला वापरू नका. तिच्या दाबाने पाण्याचं धुकं होतं आणि ते कुंपण ओलांडतं. फ्लॅट फॅनला ३० पीएसआयच्या आसपास दाब पुरतो, म्हणून बायपासची चावी (जादा पाणी परत टाकीत सोडणारी) उघडून थ्रॉटल कमी ठेवा. दाब तेवढा खाली येत नसेल तर सरळ १६ लिटरचा हातपंप घ्या. खरं सांगायचं तर १२ गुंठ्यांना तोच बरा.

वारा ताशी ३ ते १० किमी आणि बागेकडून तुमच्याकडे येणारा हवा. अगदी पडलेल्या हवेत भल्या सकाळी मारणंही वाईट, तुषार खाली न बसता तरंगत जातात. वाऱ्याच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून आडवं चालत वर सरका, म्हणजे फवारलेल्या ओल्या गवतातून चालावं लागत नाही.

चोक_आणि_कार्बोरेटर:
ऑइल तुमच्या मशीनच्या पुस्तकात आहे तेच. २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली, तेही टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइलच. कमी पडलं तर पिस्टन जाम. जास्त झालं तर धूर आणि काळा प्लग. मिश्रण डब्यात हलवून मग पेट्रोलच्या टाकीत ओता. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल किंवा औषध भरायचं नाही, कुणी तहानेला ती तोंडाला लावेल.

वर्षभर पडलेलं जुनं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओल लागली की पाणी तळाला बसतं, कार्बोरेटरचा रबरी पडदाही फुगतो किंवा ताठरतो. गळती पाहा: झाकणाचं वायसर, पेट्रोलची नळी, औषधाच्या टाकीचा तळ. पेट्रोल भरताना पंप पाठीवर नको. इंजिन बंद, जमिनीवर, दहा मिनिटं गार झालेलं. मग भरल्या जागेपासून तीनेक मीटर लांब नेऊन स्टार्ट करा. सायलेन्सरवर सांडलेल्या चार थेंबांनी भडका उडतो, आणि तो तुमच्या पाठीमागेच असतो. पट्ट्यांची खटकी एका हाताने सुटते का, हे रिकाम्या पंपावर करून बघा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका.

रुमाल ओला होऊन औषध नाकाशीच धरून ठेवतो. लेबलवर सांगितलेला कार्ट्रिजचा मास्क, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, पाठ झाकणारा प्लास्टिकचा एप्रन (टाकी पाझरली तर पहिली भिजते ती पाठ) आणि गमबूट. पँट बुटाच्या बाहेरून. कानात इअरप्लग, कारण इंजिन डोक्यापासून हातभर लांब असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक जण गेले. ती कीटकनाशकं होती, पण औषध अंगात शिरायच्या वाटा त्याच. मळमळ, घाम, डोकं गरगरणं सुरू झालं की कपडे काढून साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि लेबल बरोबर न्या.

हिरवळ_१२गुंठे:
टू-फोर-डी परत केली. टाकीत पाणी आधी की औषध आधी? आणि उरलं तर?

गुंठ्याचा_हिशोब:
आधी अर्धी टाकी गाळणीतून पाणी, मग मगात घोळवलेलं औषध, मग उरलेलं पाणी. शेवटची टाकी मोजूनच करा म्हणजे उरणार नाही. टाकी तीनदा विसळा आणि धुणं फवारलेल्या लॉनवरच पातळ मारून टाका, नाल्यात किंवा विहिरीजवळ नको. तरी हा पंप पुढे गुलाबांवर कीटकनाशक मारायला घेऊ नका, नळी आणि वायसरात अंश राहतो. तणनाशकाच्या पंपावर ऑइलपेंटने लाल पट्टा ओढून ठेवा. औषध वाळेपर्यंत मुलं, कुत्रं लॉनवर नकोत. लेबलवर जास्त वेळ दिला असेल तर तेवढा.