चांगली माणसे मुंबई सोडून जात आहेत. शहराने नेमके काय करावे?

ग्राफिक डिझायनर, लोअर परळ

नमस्कार. जुन्या गिरणीच्या आवारात आमचा नऊ जणांचा छोटा स्टुडिओ आहे. गेल्या दोन वर्षांत त्यातली तीन जण गेली. दोघे पुण्याला, एक बंगळुरूला. पगाराबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक भाडे वाढवतो, नवे घर घ्यावे तर पुन्हा डिपॉझिट आणि दलाली भरावी लागते, आणि दर खेपेस बिऱ्हाड दोन स्टेशने लांब सरकते, असेच तिघांनी जाताना सांगितले. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून उभी आहे, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने चित्रपटाचे सर्जनशील शहर म्हणून मुंबईची निवडही केली, तेव्हा नावलौकिकाची उणीव नाही. मग अशी माणसे येथे टिकावीत यासाठी काय करता येईल? ‘पोषक वातावरण हवे’ यासारखी मोघम उत्तरे कृपया नकोत.

प्रकाशयोजनाकार, बोरिवली

माझा अनुभव नाटकाचा आहे, त्यामुळे घरापेक्षा तालमीच्या जागेबद्दल लिहितो. १९७० च्या दशकात छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटक रुजले, त्याचे श्रेय आपण नाटककारांना आणि दिग्दर्शकांना देतो, आणि ते योग्यच आहे. पण ते सभागृह दादर स्थानकाजवळ होते, जेथे पश्चिम आणि मध्य रेल्वे एकत्र येतात, आणि म्हणून प्रयोग संपल्यावर डोंबिवलीचा नट आणि बोरिवलीचा नेपथ्यकार दोघेही शेवटच्या लोकलने घरी पोहोचू शकत होते, ही साधी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. आज तालमीचे हॉल वर्सोव्याच्या आरामनगरात मिळतात, तेही तासाच्या भाड्याने. २०१४ मध्ये घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली म्हणून थोडे सुसह्य झाले, पण कल्याणहून येणाऱ्या मुलीला रात्री दहानंतरचा परतीचा प्रवास जडच जातो.

स्थानकांजवळच्या महापालिका शाळांची सभागृहे संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, ठरावीक आणि परवडणाऱ्या दराने, नोंदणीकृत नाट्यसंस्थांना द्यावीत. नवी इमारत बांधावी लागणार नाही. फक्त शिपायाच्या जादा वेळेचा मोबदला आणि विजेचे बिल यांची तजवीज करावी लागेल, आणि घोडे बहुधा तेथेच अडते.

वांद्रे पूर्वची रहिवासी

साहित्य सहवास आणि कलानगर या वसाहती आमच्या शेजारीच आहेत. लेखक आणि चित्रकार यांनी सहकारी संस्था करून घरे उभारली, आणि एका पिढीचा प्रश्न खरोखर सुटला. परंतु घर मालकीचे झाले की ते वारसांकडे जाते किंवा बाजारभावाने विकले जाते. लेखकाच्या मुलाने लेखकच व्हावे असा काही नियम नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे दुखणे निराळे होते. आत असलेल्या भाडेकरूला त्याने संरक्षण दिले, पण गोठलेल्या भाड्यात मालकांनी दुरुस्ती सोडून दिली आणि नव्याने येणाऱ्यासाठी पागडीशिवाय दार उघडेनासे झाले.

न्यूयॉर्कमध्ये १९७० साली बेल कंपनीच्या जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतीत कलावंतांसाठी वेस्टबेथ ही भाड्याची घरे सुरू झाली. तेथेही एकदा राहायला आलेली माणसे सहसा हलली नाहीत आणि प्रतीक्षायादी वाढत गेली. म्हणून मला वाटते की गिरण्यांच्या जमिनींवर असे काही करता आले असते, तर ते भाड्याने आणि पाच वर्षांच्या मुदतीनेच करायला हवे होते. आता त्या जमिनींवर काय उभे आहे, हे आपल्या खिडकीतून दिसतच असेल.

ध्वनिसंकलक, मालाड

वरील दोन्ही मते मान्य करूनही मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. मुंबईत माणूस घरासाठी येत नाही. एक काम सुटले तर त्याच आठवड्यात ओळखीतून दुसरे मिळते, यासाठी येतो. त्याला घालवते ती पैशांची अनिश्चिती. भाडे पहिल्या तारखेला द्यावे लागते आणि बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, तेव्हा पंचवीस हजारांची खोलीही महाग ठरते.

फ्रान्समध्ये रंगभूमी आणि चित्रपट क्षेत्रातील तंत्रज्ञाने बारा महिन्यांत ५०७ तास काम केले, तर कामांमधल्या रिकाम्या काळात त्याला बेकारी भत्ता मिळतो. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलावंतांना दर आठवड्याला ३२५ युरो देण्याचा तीन वर्षांचा प्रयोग सुरू केला. असे काही येथे उद्या होईल अशी माझी अपेक्षा नाही. मूळ प्रश्नकर्त्यांना मात्र विचारावेसे वाटते: बाहेरच्या चित्रकारांचे पैसे आपला स्टुडिओ किती दिवसांत देतो?

ग्राफिक डिझायनर, लोअर परळ

प्रश्न बोचरा आहे, पण रास्त आहे. साठ दिवसांत देतो, कारण आमचे ग्राहक आम्हाला नव्वद दिवसांनी देतात. गेलेल्या तिघांपैकी एक जण आमच्याकडे नोकरीला लागण्यापूर्वी याच साठ दिवसांच्या हिशेबाने काम करत होता, हे लिहिताना आठवले. भागीदारांशी बोलून एकट्याने काम करणाऱ्यांसाठी ही मुदत पंधरा दिवसांवर आणता येते का, ते या महिन्यातच पाहतो. शाळांच्या सभागृहांसाठी विभाग कार्यालयात अर्ज करायचा असेल, तर प्रकाशयोजनाकारांनी दादर आणि परळ भागातल्या योग्य शाळांची नावे द्यावीत. मसुदा मी तयार करतो.