फैजपूरला बदली: स्लॅबचं घर की धाब्याचं? कूलर, सायकल, भटकंती

पुणेरी छत्री: एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फैजपूरला राहायला जायचं आहे. घरात सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. दोन घरं बघितली. एक दुसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, उजेड भरपूर. दुसरं तळमजल्यावरचं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जरा अंधारं. कूलरवर भागतं की एसी लागतोच? आणि सायकल, ट्रेक वगैरे उन्हाळ्यात पूर्ण बंद ठेवायचं का? इथले लोक तर ‘अहो, वाळवंटात चाललात’ म्हणून घाबरवतायत.

गिलावा: वाळवंट नाही ताई. जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस पडतो, फक्त तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. मे महिन्यात मात्र पारा 44-45 ला टेकतो, आणि तोही सावलीतला आकडा. वेधशाळा तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत ठेवते. उन्हात उभ्या गाडीच्या काचेवरचा आकडा बघून घाबरू नका.

घर धाब्याचंच घ्या. मातीची जाड भिंत आणि धाब्यावरचा मातीचा थर दुपारचं ऊन आत यायला बराच वेळ लावतात. अंधारं आहे कारण खिडक्या लहान आहेत, आणि तीच त्याची खुबी. उलट चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात ते अकरा या वेळात खोलीत ओततो. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छताखाली हात धरला तर तव्यावर धरल्यासारखा वाटतो. झोपेचं खोबरं तिथे होतं.

स्लॅबचंच घ्यावं लागलं तर मार्चमध्येच गच्चीवर चुना मारा. चुना रात्रभर भिजवून, गाळून, थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात. मारायचा तो ऊन उतरल्यावर, आधी स्लॅब ओला करून. भर उन्हात मारला तर पकडायच्या आतच वाळतो आणि पायाला पीठ लागतं. खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. हिरवी जाळी लावणार असाल तर स्लॅबपासून निदान दोन फूट वर ताणा. स्लॅबला चिकटून अंथरलेली जाळी स्वतः तापते आणि ती उष्णता खालीच देते.

धाब्याच्या घरात एकच बघा: पावसाळ्याआधी वरची माती चोपून उतार नीट केलाय का. नाहीतर जुलैत भांडी मांडत बसाल.

पत्र्याचा कूलर: एप्रिल-मेसाठी कूलर पुरतो, आणि दमटपणा नसल्यामुळेच पुरतो. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर पाणी हवेला फार तर 23 अंशांपर्यंत नेऊ शकतं. पॅड चांगलं असेल तर तोंडाशी 28-29 ची हवा मिळते. पहिला पाऊस पडून 34 अंश आणि 65 टक्के झाले की तोच कूलर जेमतेम 30 ची, तीही चिकट हवा देतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. एसीची खरी गरज जून-जुलैत भासते, मेमध्ये नाही. नवीन माणसं इथेच चुकतात.

दुसरी चूक म्हणजे दारं-खिडक्या लावून कूलर चालवणं. कूलर खिडकीबाहेर बसवा, समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात अंग चिकचिकतं.

बोअरचं पाणी जड असेल तर वरच्या पन्हाळीची भोकं क्षाराने बुजतात, पॅडवर कोरडा पट्टा पडतो आणि तिथून गरम हवा थेट आत येते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, भोकं तारेने मोकळी करा, पंप लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. टाकीच्या कडा ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी काढल्याने मरत नाहीत. मोठा कूलर भर दुपारी तासाला 10-15 लिटर पाणी पितो, त्या हिशेबाने वरची टाकी घ्या.

आणि पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवंच, बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरताना बटण नाही, प्लग काढायचा. मुलगी लहान आहे म्हणून दोनदा सांगतो.

सातपुडा पायवाट: बंद कशाला ठेवता? मेमध्ये पावणेसहाच्या आसपास उजाडतं. साडेपाचला निघा, साडेआठला घरी. पहिले दहा-बारा दिवस अर्ध्या तासापासून हळूहळू वाढवा, घामाची सवय व्हायला शरीराला तेवढा वेळ लागतोच. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. लांब जायचं असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.

सायकलचा शत्रू ऊन नाही, वेड्या बाभळीचा काटा आहे. टायरच्या आत, ट्यूबच्या बाहेरून जाड पट्टी टाका. आणि पहाटे गच्च हवा भरून सायकल दुपारी उन्हात उभी करू नका, दाब दहा टक्क्यांहून जास्त चढतो आणि जुनी ट्यूब फुटते.

सातपुड्यातली पाल आणि मनुदेवी ही ठिकाणं जवळ आहेत, पण मनुदेवीचा धबधबा बघायचा तर पावसाळ्यात. तेव्हा नाल्यात उतरताना डोंगराकडे बघा. तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं तरी वर पाऊस झालेला असू शकतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला की सामान सोडून वर चढायचं. थंडीत हतनूर धरणावर पक्षी बघायला जा. मे महिन्यात गारवा हवाच असेल तर तोरणमाळ, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. उंची साधारण 1150 मीटर, म्हणजे तापीकाठापेक्षा सहा ते नऊ अंश कमी. फक्त तुम्हाला ते पार जिल्ह्यापलीकडे, नंदुरबारात.

तसं तर काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन 1936 साली तुमच्या फैजपूरलाच भरलं होतं, पण डिसेंबरात. शहाणी माणसं!

पुणेरी छत्री: धाब्याचं घर पक्कं करते. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आहे. लाइट गेली तर काय? आणि खिशात कांदा ठेवावा म्हणतात ते?

पत्र्याचा कूलर: कांदा भाकरीबरोबर खा, खिशात ठेवून काही होत नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टरला लावलेली 150 अँपिअर-तासांची एक बॅटरी 200 वॅटचा कूलर पाच-सहा तास ओढते. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी दर महिन्याला बघा, लवकर आटतं. चाळिशीपार हवेत म्हाताऱ्या माणसावर नुसता पंखा सोडू नका, तो गरम झोतच मारतो. अंगावर ओलं सुती कापड टाका, मग पंखा लावा. गोळीत लघवी जास्त होण्याचं औषध आहे का ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर 108 ला फोन करा, गाडी येईपर्यंत मान, काखा, जांघा ओल्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

गिलावा: धाब्यावर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घालायला शेजारणी येतील, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी. नाही म्हणू नका, पण जिना पक्का आहे का तेवढं घरमालकाला विचारा.