ग्रे व्हेलचं वेगळं कुळ आता मोडीत काढा!

कर्वेनगरकर: परवा कोथरूडला एका व्याख्यानात पडद्यावर मोठ्या देवमाशांचा वंशवृक्ष दाखवला. एका फांदीवर रॉर्क्वल, म्हणजे निळा देवमासा, फिन, सेई, हंपबॅक. ग्रे व्हेल मात्र पलीकडे एकटा, स्वतंत्र कुळात. अहो, २०१८ साली यांचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले तेव्हा हा रॉर्क्वलांच्या मधोमधच निघाला! फिन सर्वांत जवळचा हंपबॅकला, निळा सेईला. मग हे वेगळं बिऱ्हाड कशाला?

शनिवारातला: डोळे असले की कळतं कशाला ते. रॉर्क्वल जबडा फाडून भक्ष्यावर झेप घेतो, गळ्याच्या घड्या ताणून टनावारी पाणी आत घेतो. ग्रे व्हेल कुशीवर वळून समुद्रतळाचा गाळ ओढतो आणि त्यातले बारके जीव गाळून खातो. घड्या जेमतेम दोन ते पाच. पाठीवर पर नाहीच.

कर्वेनगरकर: रूपच बघायचं तर हंपबॅकचे हात शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश लांब असतात. त्याला कुणी वेगळं कुळ दिलंय का?

औंधची ताई: जनुकांचा शब्द शेवटचा मानू नका. १९९३ मध्ये डीएनएवरूनच स्पर्म व्हेल, चांगला दातांचा प्राणी, बलीनवाल्यांचा, म्हणजे दातांऐवजी झालरीने अन्न गाळणाऱ्या या देवमाशांचा, जवळचा नातलग ठरवला होता. टिकलं नाही ते.

कर्वेनगरकर: ताई, तेव्हा हाताशी डीएनएचे मोजके तुकडे होते. आता अख्खा जनुकसंच आहे.

औंधची ताई: अख्ख्या संचातही एकमत कुठे आहे? जनुकागणिक वंशवृक्ष बदलतो. त्याच २०१८ च्या अभ्यासाने झाडापेक्षा एकमेकांत गुंतलेलं जाळं म्हणणं बरं, असं सुचवलंय. शिवाय संकर आजही चालूच. आइसलँडच्या शिकाऱ्यांनी २०१८ मध्ये मारलेल्या एका देवमाशाची आई निळी, बाप फिन निघाला. १९८६ मध्ये सापडलेली संकरित मादी तर गाभण होती. उत्तर अटलांटिकातल्या निळ्या देवमाशांत सरासरी साडेतीन टक्के डीएनए फिनचा आहे, असं २०२४ च्या अभ्यासात आलं. इतक्या सरमिसळीत कुळाची रेघ ओढायची कुठे?

शनिवारातला: म्हणजे माझंच खरं. आहे तसं राहू द्या.

औंधची ताई: तसं मी म्हटलेलं नाही.

कर्वेनगरकर: जाळं तर जाळं, मान्य. पण ग्रे व्हेल त्या जाळ्याच्या बाहेर आहे का? आतच आहे ना?

शनिवारातला: असेल आत. पण मग पर नको, भरपूर घड्या नकोत, झेप नको. रॉर्क्वल ओळखायचा कशावरून ते तरी सांगा. बोटीवरचा माणूस काय दरवेळी रक्त तपासणार आहे?