हेलोवीनच्या कॉन्सर्टला पहिल्यांदाच चालले आहे, पॉवर मेटल ऐकणाऱ्यांनी मार्गदर्शन करा

केतकी_आखेन

नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची, सध्या जर्मनीत आखेनला शिकते आहे. हेलोवीन या पॉवर मेटल (म्हणजे वेगवान, सुरेल हेवी मेटल) वाजवणाऱ्या जर्मन बँडला चाळीस वर्षं झाल्याबद्दल त्यांचा युरोप दौरा चालू आहे. लॅबमधल्या एका सहकाऱ्याच्या मित्राला ऐनवेळी जमत नसल्यामुळे त्याचं तिकीट मला मिळालं. उभ्याने बघायचं तिकीट आहे.

या बँडच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' अल्बमचे दोन्ही भाग मी प्रबंध लिहिताना रात्र रात्र ऐकले आहेत, त्यामुळे संगीत अगदीच परकं नाही. पण मेटलच्या कार्यक्रमाला आजवर कधी गेले नाही. शंका अशा: माझी उंची पाच फूट, मला काही दिसेल का? धक्काबुक्की किती असते? कानांचं काय करायचं? सहकारी पुढे घुसणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे मी बहुतेक वेळ एकटीच असेन.

आणि खरा प्रश्न हा की चांगल्या हेडफोनवर प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. हॉलमध्ये सगळा कल्लाच ऐकू येणार असेल, तर तिथे जाऊन जास्तीचं काय मिळतं? जे प्रत्यक्ष जाऊन आले आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा.

रूरकाठची_मनवा

केतकी, बिनधास्त जा. मी डॉर्टमुंडला राहते, इथे मेटलच्या कार्यक्रमांना एकटी जाते. लोक पन्नाशीचे, बायकामुलांसकट आलेले असतात. धक्का लागला तर 'सॉरी' म्हणून हात धरून सावरतात. पॉवर मेटलला पुढे मधोमध थोडी उड्या मारणारी मंडळी असतात, तेवढं सोडलं तर शांतता.

कानांसाठी ड्रगस्टोअरमधले मऊ बोळे चालतील, पण संगीतासाठीचे फिल्टरवाले घेतलेत तर आवाज नुसता कमी होतो, दबत नाही. इथल्या नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नसते, पण तीही बोळ्यांशिवाय ऐकायची पातळी नव्हे. पाठीवरची मोठी बॅग नेऊ नका, ए-फोर कागदाहून मोठी बॅग बहुतेक हॉलमध्ये आत सोडत नाहीत. काळे कपडेच हवेत असं काही नाही. बूट मात्र बंद घाला.

डोंबिवली_फास्ट

केतकी, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण हाच प्रश्न मलाही पडला होता.

९ डिसेंबर २०१७. कामानिमित्त तेव्हा मी माद्रिदला होतो आणि विझिंक सेंटरला 'पम्पकिन्स युनायटेड' दौऱ्याचा कार्यक्रम होता. हा दौरा काय होता ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हेलोवीन १९८४ मध्ये हॅम्बुर्गला सुरू झाला. आधी काई हान्सेन गिटार वाजवत गायचा. मग त्यांनी मिखाएल किस्के नावाचा अठरा वर्षांचा मुलगा गायक म्हणून आणला आणि १९८७-८८ मध्ये 'कीपर'चे दोन भाग आले. आज ज्याला पॉवर मेटल म्हणतात त्याचा साचा या दोन अल्बमांनी पाडला असं माझं ठाम मत आहे. १९८९ मध्ये हान्सेन गेला. १९९३ मध्ये किस्केला काढलं, ड्रमर इंगो श्विख्टेनबर्गही बाहेर पडला. १९९४ पासून आंडी डेरिस गातो आहे. म्हणजे माझ्यासारख्याने ही गाणी ऐकायला सुरुवात केली तेव्हा ती माणसं एका स्टेजवर दिसायची शक्यताच उरली नव्हती. डोंबिवली ते सीएसटी दारात लटकून मी किस्केचा आवाज ऐकला आहे, आणि दर वेळी हे संपलेलं प्रकरण आहे या समजुतीनेच. २०१७ मध्ये मात्र हान्सेन आणि किस्के दोघेही परत आले, आणि डेरिस गेला नाही. सात माणसं, तीन गिटार, दोन गायक, शिवाय हान्सेन गातो तो वेगळाच.

गोया स्टेशनवर मेट्रोतून उतरलो तेव्हाच फलाटावर गाणं चालू होतं. शब्द नव्हतेच. लोक गिटारच्या धून गात होते. स्पेनच्या लोकांची ही खासियत आहे, ते गिटारचा सोलोसुद्धा 'ओ ओ ओ' करत गातात, आणि बेसूर होत नाहीत.

सुरुवातच तेरा मिनिटांच्या गाण्याने झाली. पहिली दोन-तीन मिनिटं तुम्ही म्हणता तसंच झालं. बेस ड्रमचा नुसता गडगडाट, गिटार कुठली ते कळेना. नंतर आवाज लागला. मीही सरकत सरकत मिक्सिंगच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. तुम्हीही तिथेच उभ्या राहा. आवाज बसवणारा माणूस जिथे बसून ऐकतो तिथेच तो सगळ्यात चांगला ऐकू येतो. शिवाय त्या टेबलाभोवती कठडा असतो, पाठ टेकता येते आणि मागून कुणी ढकलत नाही.

आता हेडफोनचं. या अल्बमांमधली ध्रुवपदं नीट ऐका. तिथे एक माणूस गात नसतो, आवाजावर आवाज चढवून अख्खा कोरस उभा केलेला असतो. स्टेजवर तेवढे गळे नसतात. मग तो कोरस कोण पुरा करतो? समोरचे लोक. हे मी वाचून नाही सांगत, त्या रात्री माझ्या बरगड्यांना जाणवलं. किस्के ध्रुवपदाची पहिली ओळ गायचा, माइक खाली घ्यायचा, आणि जागा रिकामी राहायचीच नाही. रेकॉर्डवर ही जागा स्टुडिओने भरली आहे, म्हणून घरी कळत नाही की ती मुळात कुणासाठी सोडली होती. ही गाणी श्रोत्यांचा गळा धरून रचलेली आहेत. म्हणूनच ध्रुवपदाच्या ओळी लांब, चाल मोठ्या आनंदी स्वरांची, आणि चढायची जागा आधीपासून कळेल अशी असते. इंग्रजी धड न येणारा माणूसही दुसऱ्या वेळेला बरोबर तिथे पोचतो. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, त्यांना इंग्रजीचा एक शब्द बोलता येत नव्हता. त्यांनी पूर्ण 'ईगल फ्लाय फ्री' गायलं.

दोन गोष्टी मात्र कधी विसरणार नाही. पहिली, किस्के आणि डेरिस दोन उंच खुर्च्या घेऊन शेजारी शेजारी बसले आणि 'फॉरएव्हर अँड वन' गायले. हे १९९६ चं, डेरिसच्या काळातलं गाणं. ज्याला काढलं तो, आणि ज्याला त्याच्या जागी आणलं तो. वर्षानुवर्षं चाहत्यांनी या दोघांची तुलना करून एकमेकांशी भांडणं केली आहेत, मीही किस्केच्या बाजूचा. त्या गाण्यात किस्के डेरिसच्या आवाजाखाली आवाज ठेवून, त्याला आधार देत गायला. माझ्या डोक्यातली बाजूच गळून पडली. तेव्हापासून डेरिसचे अल्बम मी नव्याने ऐकतो आहे.

दुसरी गोष्ट इंगोची. 'कीपर'वरचे ड्रम त्याचे. मनाच्या आजाराने त्याला फार छळलं आणि १९९५ मध्ये, एकोणतीस वर्षांचा असताना, त्याने आयुष्य संपवलं. दौऱ्यात ड्रम सोलोच्या वेळी मागच्या पडद्यावर इंगोचं जुनं चित्रण लावायचे आणि आत्ताचा ड्रमर दानी ल्योब्ले त्याच्याशी सवाल-जवाब करायचा. पडद्यावर इंगो वाजवतो, थांबतो, दानी उत्तर देतो. काही वेळाने दोघे एकत्र. दानी कुठेही त्याच्या पुढे गेला नाही. हजारो लोक हात वर करून उभे होते आणि कित्येक जण उघड रडत होते. मी रडलो. तो गेला तेव्हा मी शाळेत होतो, त्याचं नावही ठाऊक नव्हतं. पण त्याच्या पायांच्या लयीवर माझी निम्मी तरुण वर्षं गेली आहेत, आणि त्याला निरोप द्यायची संधी मला तिथे मिळाली. हे घरी बसून मिळालं नसतं.

जवळजवळ तीन तास चाललं. शेवटच्या गाण्याला मोठे नारिंगी फुगे लोकांच्या डोक्यावर सोडले. ते हातांनी उडवत उडवत लोक गात होते.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण 'युनायटेड अलाइव्ह इन माद्रिद' म्हणून २०१९ मध्ये बाहेर आलं. जायच्या आधी तुमच्या हेडफोनवर तेच ऐका, पण कान गर्दीकडे ठेवून.

मिरजेचा_ठेका

मी तबला शिकलेला माणूस, मेटल ऐकत नाही. पण डोंबिवलीकरांचं लिहिणं वाचून तो अल्बम लावला. स्पष्ट बोलतो. गोडवा मला जास्त वाटला, आणि प्रत्येक गाणं चढतच राहतं, विसावा कमी.

पण एक गोष्ट मनापासून आवडली. ड्रमरचे पाय चौगुनीत (चौपट वेगात) सारखे चालू, हाताचा ठोका दुगुनीत (दुपटीत), आणि त्यावर गायक मात्र अगदी ठाय (संथ) लयीत लांब स्वर धरून उभा. तीन लयी एकाच वेळी. ऐकणाऱ्याला वेगाचा थकवा येत नाही तो त्यामुळे, कारण तो गायकाचा स्वर धरून बसलेला असतो. दोन्ही पायांनी इतका वेळ एकसारखं वजन ठेवणं सोपं नाही. तेरा मिनिटांच्या गाण्यात शेवटीही ठोका ढिला पडलेला नाही. हा रियाज आहे, याला मान दिलाच पाहिजे.

डोंबिवली_फास्ट

मिरजकर, धन्यवाद. तीन लयींचं मला इतक्या वर्षांत असं मांडता आलं नव्हतं. मला नेहमी वाटायचं की एवढ्या वेगात गाताना लोकांची धांदल का उडत नाही. आता कळलं, गर्दी गायकाच्या लयीत गाते, पायांच्या नाही.

गोडव्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. हे संगीत लाजत नाही. राक्षस, गरुड, सात किल्ल्या, सगळं पूर्ण विश्वासाने गातं. पण विसावा आहे. 'अ टेल दॅट वॉझन्ट राइट' ऐका, संथ आहे. त्यात किस्केचा आवाज वर जाताना पातळ होत नाही, उलट भरत जातो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने ते गायलं होतं.

जुना_आयरॉक

आमच्या पिढीचं थोडं. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाला रंगभवनच्या पायऱ्यांवर बसून आम्ही आपल्याकडचे बँड ऐकले, परदेशातले मोठे बँड म्हणजे स्वप्नच. आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड. ते २००७ मध्ये बंगळूरला आणि १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात आले तेव्हा नागपूर, गोवा, गुवाहाटीहून लोक आले होते. मेडन म्हणजे पॉवर मेटल नव्हे, पण दोन गिटारांची जोडीने चालणारी धून आणि हजारोंनी गायचं ध्रुवपद हे या मंडळींनी बरंचसं तिथूनच उचललं. बीकेसीला लोक गिटारची धून गात होते ते मी ऐकलं आहे, त्यामुळे वरचं माद्रिदचं वर्णन मला शब्द न् शब्द पटतं. केतकी, तुमच्याकडे हे दारात आलं आहे. सोडू नका.

केतकी_आखेन

सगळ्यांचे मनापासून आभार. माद्रिदचं ध्वनिमुद्रण काल रात्री ऐकलं. इंगोबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. ते वाचल्यावर 'कीपर' परत लावला आणि पूर्ण वेळ फक्त ड्रम ऐकत बसले.

जाणार हे नक्की. शेवटचं एवढंच सांगा, कुठली ध्रुवपदं पाठ करून जाऊ? आणि उंचीवर उपाय?

रूरकाठची_मनवा

उंचीसाठी: हॉलमध्ये मागे किंवा बाजूला पायऱ्या वा चढ असला तर दार उघडल्याबरोबर ती जागा धरा. माझीही उंची तुमच्याएवढीच. समोर उंच माणूस आला तर खांद्यावर टकटक करून पुढे उभं राहू का विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

डोंबिवली_फास्ट

'ईगल फ्लाय फ्री', 'फ्यूचर वर्ल्ड', 'आय वॉन्ट आउट' आणि 'डॉक्टर स्टाइन' ही चार पक्की करा. 'पॉवर' हे डेरिसच्या काळातलं गाणं आहे, त्याची सुरुवातीची धून शब्दांशिवाय गायची असते, तीही बसवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'जायंट्स अँड मॉन्स्टर्स'मध्ये दोन्ही गायक आहेत, तो निदान दोनदा ऐकून जा. नवी गाणी वाजायला लागली की अनोळखी वाटणार नाहीत.

या दौऱ्यात आधी बीस्ट इन ब्लॅक वाजवतात, फिनलंडचा बँड. त्यांचा गायक यानिस पापाडोपुलोस ग्रीक आहे आणि त्याचा आवाज किती वर जातो ते प्रत्यक्ष ऐकण्यासारखं आहे. त्यामुळे मुख्य बँडच्या वेळेला पोचू नका, दार उघडताना हजर राहा. बॅग आणि जाकीट आधी ठेवून या, पाणी प्या आणि मिक्सिंगच्या टेबलाकडे चला. आल्यावर इथेच लिहा, मला वाचायचं आहे.