मदत हवी आहे: विमानाच्या पॅनेलला टिकाऊ रंग कोणता?

कुपवाडी_पंख
जरा लवकर सांगा. पॅनेलचा रंग परत निघाला. स्विचचा नट आवळला की खालचा रंग पापुद्र्यासारखा उचलतो, नख लागलं तरी ओरखडा. भोकं सगळी पाडून झालीत. पुढच्या आठवड्यात वायरिंगवाला येतोय, त्याच्या आधी हे संपवायचंय. पावडर कोटिंग (पावडर मारून भट्टीत भाजतात ते), अॅनोडायझिंग (विजेनं पत्र्यावरच थर आणतात ते) की अजून काही? सांगली-मिरज-कुपवाडात होणारं सांगा. पैसे गेले तरी चालतील, परत काढायला लागू नये.

कृष्णाकाठ
पॅनेल बाहेर उघड्यावर आहे की शेडमध्ये? आमच्या पंपाच्या पॅनेलला सीमेन्स ग्रे मारलाय, पावसात उभा आहे, काही झालं नाही. आणि दाराला रबर बसवा, पाली आत जाऊन शॉर्ट करतात.

कुपवाडी_पंख
शीर्षक वाचा की राव. विमानाचं पॅनेल. ज्यात मीटर बसतात ते. दोन सीटचं विमान बांधतोय.

एअरफोर्सकाका_सातारा
मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणावं तसा प्रश्न आहे हा. पत्रा कोणता? जाडी किती? आधी काय मारलं, त्याच्या खाली प्रायमर कोणता? भोकं मापात बसती आहेत की ढिली?

कुपवाडी_पंख
झेनिथ सीएच ७०१, किटमधून बांधायचं. पत्रा अॅल्युमिनियमचा, ६०६१-टी६, २ मिमी. मॅट ब्लॅक स्प्रेचा डबा, खाली रेड ऑक्साइड. मोठी भोकं सव्वातीनला जरा कमी, म्हणजे नेहमीची ३ १/८ इंची, धाकटी २ १/४. स्विचची १२ मिमी, अगदी मापात.

गाडीरंगारी
रेड ऑक्साइड लोखंडाचा प्रायमर आहे, भाऊ. अॅल्युमिनियमवर हवा लागली की लगेच ऑक्साइडचा थर येतो, त्यावर तो धरत नाही. वरचा रंग कितीही भारी आणा, प्रायमरसकट उचलणार. सगळं उतरवा, स्कॉचब्राइटने घासा, अॅसिटोनने पुसा, मग बोट लावायचं नाही. एच प्रायमरचा (अॅसिडवाला, अॅल्युमिनियमला चावून धरतो) पातळ हात द्या आणि त्यावर टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, मॅट. एचवर इपॉक्सी चढवायला जाऊ नका, बरेच कंपनीवाले डब्यावरच नको म्हणून लिहितात. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तेव्हा रुमाल बांधून मारू नका. मी बंपरला हेच वापरतो.

कुपवाडी_पंख
किती दिवसांत नट आवळता येईल?

गाडीरंगारी
हाताला दुसऱ्या दिवशी सुकलेलं लागेल. पूर्ण कडक व्हायला आठवडा धरा. थंडीत जास्त.

भट्टीवाला
म्हणजे वायरिंगवाला आला की परत पापुद्रे. पावडर कोटिंग करा आणि मोकळे व्हा. भट्टीतून निघून गार झालं की तयार. कुपवाड एमआयडीसीत आमचं तेच काम आहे.

गाडीरंगारी
२०० डिग्रीला भाजल्यावर टी६ चा टेम्पर, म्हणजे उष्णतेनं आणलेली ताकद, राहतो का? विमान आहे ते, गेट नाही.

भट्टीवाला
पत्रा २०० ला पोचल्यावर दहा मिनिटं. १८० ची पावडर घेतली तर थोडी जास्त. ६०६१ ला टी६ करतानाच १६०-१७५ ला कित्येक तास ठेवतात. दहा मिनिटांत काय मेण होतंय? पंखाचा स्पार, म्हणजे भार घेणारा मुख्य दांडा, भाजायला नाही सांगत मी.

एअरफोर्सकाका_सातारा
भट्टीवाल्यांचं बरोबर आहे, पण पॅनेल भार घेतं की नुसतं मीटर धरतं ते नकाशात बघा. भार घेत असेल तर किटवाल्याला विचारल्याशिवाय भट्टीत घालू नका. माझं मत अॅनोडायझिंग. पत्र्याचाच थर बनतो तो, पापुद्रा निघायचा प्रश्नच नाही. १०-२० मायक्रॉन, भोकाचं माप जवळपास तेच राहतं. काळ्या अॅनोडायझिंगवर लेझरने लिहिलं की अक्षरं पांढरट उमटतात.

भट्टीवाला
काका, अॅनोडायझिंग खालचं काही झाकत नाही. यांनी रंग खरवडून काढलाय, म्हणजे पत्र्यावर रेघोट्या असणारच. काळ्यात एकूण एक दिसेल. शिवाय काळा डाय, म्हणजे थरात मुरवलेला रंग, उन्हानं उडतो, काचेमागे उन्हाळ्यात पॅनेल नुसतं तापत बसतं.

एअरफोर्सकाका_सातारा
चांगला डाय आणि नीट सीलिंग असेल तर उडत नाही. रेघोट्यांचं मान्य. फोटो टाका.

कुपवाडी_पंख
फोटो चढत नाहीये. रेघोट्या आहेत. पॉलिश पेपर ८० नंबरचा होता.

एअरफोर्सकाका_सातारा
८०!! एवढा खरखरीत? मग अॅनोडायझिंग सोडा.

सतारमिरज
लाकडाचं पॅनेल का करत नाही? आमच्याकडे तंबोऱ्याला चपड्याचं पॉलिश करतात, आजोबांच्या हातचे तंबोरे अजून आरशासारखे आहेत. जुन्या इंग्लिश विमानांत लाकडी पॅनेल असायचीच. सांगा, करून देतो.

गाडीरंगारी
चपडा उष्णतेनं मऊ होतो, स्पिरिटच्या बोळ्यानं निघतो. आणि आरशासारखं चमकणारं पॅनेल पायलटच्या डोळ्यासमोर? ऊन परतून डोळ्यात येईल.

सतारमिरज
मॅट पण करता येतं. कलेची किंमत नाही लोकांना.

विश्रामबागकर
मूळ प्रश्न वेगळा आहे. डीजीसीएची, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याची, परवानगी घेतलीत का? उडवणार कुठून? कवलापूरच्या विमानतळाच्या बातम्या आम्ही लहानपणापासून वाचतोय.

कुपवाडी_पंख
फाइल चालू आहे. रंगाचं बोला.

कृष्णाकाठ
परवानगीचं म्हणाल तर कॅप्टन अमोल यादव यांना विचारा कुणीतरी. मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातले. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं, नोंदणी २०१७ ला मिळाली, व्हीटी-एनएमडी. माणूस चिकाटीचा.

विश्रामबागकर
तेच म्हणतोय मी. रंग शेवटी.

कुपवाडी_पंख
पावडरचं ठरवतोय. पण मागे इथल्याच एकाकडे ब्रॅकेट दिले होते, तेही अॅल्युमिनियमचेच. कोपऱ्यातून सुटले. त्याचं काय?

भट्टीवाला
तो दुकानवाला काय करतो? गेट-ग्रिल?

कुपवाडी_पंख
हो.

भट्टीवाला
मग तिथंच उत्तर आहे. ग्रिलवाल्याच्या सात टाक्या लोखंडासाठी असतात. डीग्रीसिंग, गंज काढायचं अॅसिड, फॉस्फेटिंग. अॅल्युमिनियम त्या अॅसिडमध्ये खाल्लं जातं, आणि लोखंडाच्या फॉस्फेटचा त्याला उपयोग नाही. अॅल्युमिनियमला क्रोमेट किंवा त्याच्या बदली निघालेली दुसरी कन्व्हर्जन कोटिंग, म्हणजे पावडर धरून ठेवणारा रासायनिक थर, लागते. दुकानात शिरल्यावर पावडर कुठल्या कंपनीची ते विचारू नका, अॅल्युमिनियमची टाकी वेगळी आहे का ते विचारा. खिडक्यांचे स्लायडिंग सेक्शन करणाऱ्यांकडे असते. आमच्याकडे आहे, पण कुणाकडेही करा, हे विचारूनच करा.

गाडीरंगारी
हे बरोबर बोलला. एवढं पहिल्यांदाच बोलला असता तर.

भट्टीवाला
पहिल्यांदा ब्रॅकेटचं तरी कुठं सांगितलं होतं त्यांनी? आता मापाचं. थर ६० ते ८० मायक्रॉन येतो. भोकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी धरला तर व्यास दीड दशांश मिमीपर्यंत कमी होतो. तुमची १२ ची भोकं मापात आहेत ना, स्विच अडकणार. भोकांत सिलिकॉनचे बूच घालून देतो. टेक्श्चर पावडर घ्या, बारीक दाण्याची, मॅट. ८० नंबरच्या रेघा त्यात बऱ्याच बुजतात, तरी आधी २२० ने घासून आणा.

एअरफोर्सकाका_सातारा
मागच्या बाजूला अर्थिंगच्या जागा झाकायला सांगा. पावडर वीज नेत नाही, अॅनोडायझिंगही नेत नाही. रेडिओत खरखर आली की माणूस अँटेना बदलत बसतो आणि दोष असतो रंगाखालच्या अर्थमध्ये. होकायंत्राजवळ पितळी स्क्रू. स्टेनलेस चालतो म्हणतील, पण आधी लोहचुंबक लावून बघा, ३०४ नंबरचं नेहमीचं स्टेनलेससुद्धा वाकवलं किंवा आटे पाडले की थोडं ओढतं. रंग काळाच हवा असं नाही. आमच्या मिगची कॉकपिट हिरवट निळी असायची, काळे डायल त्यावर उठून दिसायचे. मध्यम राखाडी घ्या, कमी तापेल.

कुपवाडी_पंख
राखाडी पटतंय. अक्षरं पण हवीत. स्विचची नावं, फ्यूजचे आकडे. पावडरच्या आधी की नंतर?

गाडीरंगारी
आता सांगताय!

एअरफोर्सकाका_सातारा
नंतर. स्टिकर नको, उन्हात कडा उचलतात. टेक्श्चरवर तर धरणारच नाहीत.

भट्टीवाला
लेझरने पावडर जाळून खालचा पत्रा उघडा करता येतो, पण राखाडीवर चंदेरी अक्षर वाचायला येत नाही. आणि दाण्यावर स्क्रीन प्रिंटिंगच्या कडा फाटतात.

विश्रामबागकर
नेमप्लेटवाल्याकडे दोन रंगांचं अॅक्रिलिक मिळतं. वर काळं, आत पांढरं. लेझरने कोरलं की पांढरी अक्षरं. माझ्या दारावर तीच पाटी आहे, पश्चिमेचं ऊन खाते. स्विचच्या दर रांगेला एकेक पट्टी, नटाखालीच दाबली जाईल, गोंद नको.

एअरफोर्सकाका_सातारा
हे उत्तम. चुकलं तर एकच पट्टी बदलायची, पॅनेल नाही. फक्त १ मिमी किंवा त्याहून पातळ घ्या, नाहीतर स्विचचे आटे नटाला पुरणार नाहीत.

कुपवाडी_पंख
झालं. राखाडी टेक्श्चर पावडर, वर पट्ट्या. नकाशात पॅनेल बघून किटवाल्याला मेल टाकतो. भट्टीवाले, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

भट्टीवाला
केला. त्याच पत्र्याचा वाया गेलेला तुकडाही आणा. आधी त्यावर मारून, वाकवून, चौकड्या कापून टेप ओढून बघू. निघाला तर पॅनेल घेऊन परत जा.

कृष्णाकाठ
भट्टीवाले, स्कूटरच्या पेट्रोल टाकीला करता का? आतली पुट्टी काढायला लागेल का?

भट्टीवाला
पुट्टी भट्टीत टिकत नाही. आणि पेट्रोलचा वास असेपर्यंत आणूच नका.