‘प्रशिक्षण घेणे’ : देणारा कोण आणि घेणारा कोण?

प्रश्न : कर्मचाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तिका मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘ट्रेनिंग’साठी ‘प्रशिक्षण’ हा रुळलेला शब्द आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु वरिष्ठाने हाताखालच्या एकेका माणसाबरोबर ठरावीक काळाने बसून, त्याच्या कामातल्या अडचणी त्याच्याच तोंडून काढून घेऊन, त्या त्यालाच सोडवायला लावणे, ज्याला कार्यालयात सरसकट ‘कोचिंग’ म्हटले जाते, त्यासाठी ‘मार्गदर्शन’, ‘समुपदेशन’ आणि ‘शिकवणी’ यांपैकी कोणता शब्द वापरावा? की यांपैकी एकही नको?

उत्तर : तिन्ही नकोत, असे माझे मत आहे. त्याची कारणे शब्दागणिक वेगळी आहेत.

‘समुपदेशन’ ऐकले की मनात अडचणीत सापडलेला माणूस येतो. चांगले काम करणाऱ्याला ‘सोमवारी तुमचे समुपदेशन आहे’ असे कळवले, तर तो सोमवारपर्यंत झोपणार नाही. ‘शिकवणी’ला परीक्षेचा वास आहे. ‘मार्गदर्शन’ हा मूळचा फार चांगला शब्द. मार्ग दाखवायचा, चालायचे मात्र ज्याचे त्याने, हा अर्थ तुम्हाला हवा आहे त्याच्या अगदी जवळचा आहे. पण ‘प्रमुख पाहुण्यांनी उपस्थितांना मार्गदर्शन केले’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की आता ‘मार्गदर्शन’ म्हणजे एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी घड्याळाकडे पाहायचे, असाच अर्थ मनात उमटतो. शब्दाचा दोष नाही. वापराने तो झिजला.

आता ‘कोचिंग’. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावी पंधराव्या शतकात चांगल्या घोडागाड्या बनत, त्या गावावरून गाडीला हे नाव पडले आणि ते युरोपभर पसरले. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. खेळाच्या मैदानावर हा शब्द त्यानंतर गेला. म्हणजे आपल्याकडे ‘कोचिंग’ म्हटल्यावर जो क्लास डोळ्यांपुढे येतो, तो या शब्दाच्या जुन्या अर्थाला धरूनच आहे. कार्यालयातला अर्थ पुष्कळ अलीकडचा. टिमथी गॉलवे या टेनिस शिकवणाऱ्या गृहस्थांनी १९७४ साली असे मांडले की खेळाडूला बाहेरून सतत सूचना करण्यापेक्षा त्याचे लक्ष त्याच्याच हालचालीकडे वळवावे. तोच विचार जॉन व्हिटमोर यांनी कार्यालयात आणला आणि १९९२ सालच्या आपल्या पुस्तकातून प्रश्नांचा क्रम लोकप्रिय केला : काय साधायचे आहे, आज स्थिती काय आहे, कोणते पर्याय आहेत आणि त्यांतले तुम्ही नेमके काय करणार आहात. या चारही प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्याने द्यायची नसतात. प्रशिक्षणात उत्तर शिकवणाऱ्याजवळ असते आणि ते त्याने समोरच्यापर्यंत पोचवायचे असते. इथे ते समोरच्याजवळ आहे, निदान त्याच्याकडूनच यायला हवे, असे धरून चालायचे असते. हा भेद ज्या शब्दात उतरत नाही तो शब्द, कितीही संस्कृतप्रचुर असला तरी, निरुपयोगी आहे.

माझे म्हणणे असे की नाम शोधू नका, क्रियापद शोधा. मराठीची खरी श्रीमंती या बाबतीत क्रियापदांत आहे. ‘शिकणे’पासून ‘शिकवणे’ हे प्रयोजक रूप होते, म्हणजे ‘शिकेल असे करणे’. त्यामुळे समोरचा शिकला नसेल, तर ‘मी शिकवले’ हे विधान व्याकरणाच्या काटेकोर हिशेबाने खोटेच ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या नव्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी १९४० साली ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम सुरू झाला. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेच नाही, हे त्याचे मुख्य सूत्र होते. जे त्यांना घोषवाक्य करून सांगावे लागले ते आपल्या धातुरूपातच बसलेले आहे. त्याच कार्यक्रमाच्या चार पायऱ्या मराठीत क्रियापदांनी किती सहज सांगता येतात पाहा : माणसाला तयार करणे, काम दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि मग लक्ष ठेवणे. यांतले ‘करवून घेणे’ तुमच्या कामाचे आहे. ‘तिने तो अहवाल त्याच्याकडून करवून घेतला’ या वाक्यात अहवाल त्याचा आहे, पण तिच्यावाचून तो झाला नसता, हे दोन्ही आले.

अर्थात ‘करवून घेणे’ला ‘राबवून घेणे’चा शेजार आहे, हेही लक्षात ठेवावे लागते. जिथे हुकूमशाहीचा भास होईल तिथे ‘विचार करायला लावणे’ किंवा ‘सुधारून घेणे’ बरे.

शंका : उत्तर पटले, पण ‘प्रशिक्षण’ या शब्दाला आपण फार सहज सोडून दिले आहे. आमच्या कार्यालयात एकदा परिपत्रक निघाले : ‘सर्व पर्यवेक्षकांनी येत्या आठवड्यात सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे.’ निम्म्या पर्यवेक्षकांनी आपापल्या माणसांना जमवून प्रशिक्षण ‘घेतले’, आणि निम्मे आपल्याला कोण शिकवायला येणार याची वाट पाहत बसले. चूक कोणाची, हे शेवटपर्यंत ठरले नाही, कारण दोघांचेही मराठी बरोबर होते.

उत्तर : हे उदाहरण उत्तम आहे, आणि दोष ‘प्रशिक्षण’चा नसून ‘घेणे’चा आहे. शिक्षक ‘तास घेतो’, ‘वर्ग घेतो’, ‘परीक्षा घेतो’. तिथे घेणारा शिकवणारा. ‘शिक्षण घेतो’, ‘धडे घेतो’ यांत घेणारा शिकणारा. ‘शिकवणी’च्या बाबतीत भाषेने हा घोळ स्वतःच मिटवला आहे : शिक्षक शिकवणी घेतो, विद्यार्थी शिकवणी लावतो. ‘प्रशिक्षण’ हा त्या मानाने नवा, घडवलेला शब्द असल्यामुळे त्याच्याभोवती असे वळण पडलेले नाही. परिपत्रकात ‘प्रशिक्षणास उपस्थित राहावे’ किंवा ‘प्रशिक्षण द्यावे’ असेच लिहावे. ‘घ्यावे’ लिहूच नये.

व्युत्पत्तीकडे पाहिले तर या शब्दाशी माझे भांडण नाही. संस्कृतातला ‘शिक्ष्’ हा धातू ‘शक्’चे इच्छार्थक रूप मानतात, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा. ‘प्रशिक्षणार्थी’मध्ये तर ‘अर्थी’ची भर पडून इच्छा दुप्पट होते. जेवणानंतरच्या सत्रात मागच्या रांगेत बसलेल्यांना हा शब्द लावताना मला नेहमी संकोच होतो.

आणखी एक : ‘उमेदवारी’ आणि ‘हाताखाली’ हे दोन जुने शब्द या चर्चेत यायला हवेत. फारसीतल्या आशेच्या ‘उमेद’पासून आलेला उमेदवार आता निवडणुकीपुरता उरत चालला आहे, पण ‘त्याने दोन वर्षे उमेदवारी केली’ म्हणजे कमी मोबदल्यात काम करत करत काम शिकला, हा अर्थ अजून सर्वांना कळतो. ‘हाताखाली’ची गंमत तर विभक्तीइतकी बारीक आहे. ‘तो माझ्या हाताखाली आहे’ म्हटले की अधिकार दिसतो. ‘तो माझ्या हाताखाली तयार झाला’ म्हटले की जबाबदारी. शब्द तोच, फक्त क्रियापदाने सारा भार फिरवला.

सूचना : ‘तालीम’ का नको? जाणत्याच्या नजरेखाली पुन्हा पुन्हा करून पाहणे, हा अर्थ त्यात आहे.

उत्तर : सरावाच्या भागापुरता जरूर घ्यावा. ग्राहकाशी अवघड बोलणे करायचे असेल आणि ते आधी सहकाऱ्यासमोर करून पाहायचे असेल, तर त्याला ‘तालीम’ म्हणणेच योग्य. पण तालमीत काय करायचे ते आधी ठरलेले असते, संहिता हातात असते. मूळ प्रश्नातल्या बैठकीत संहिताच नसते.

मूळ प्रश्नकर्ता : चर्चेवरून पुस्तिकेपुरते असे ठरवले आहे की शीर्षकात ‘कोचिंग’ देवनागरीत तसेच ठेवायचे, खाली एका वाक्यात त्याचा अर्थ द्यायचा आणि मजकुरात सगळीकडे क्रियापदेच वापरायची. अडचण एका तक्त्याची होती. तिथे रकान्याला नाव हवेच आणि नाव म्हणजे नाम. तिथे ‘मार्गदर्शनाची तारीख’ खोडून ‘एकत्र बसल्याची तारीख’ असे लिहिले आहे. वरिष्ठांनी मसुदा परत पाठवला, तो त्यावर ‘हे फार साधे वाटते’ असा शेरा मारून. रकाना मी बदललेला नाही.